मला कॉर्नेट हवं होतं

नगरला मिशनच्या दवाखान्यामागे नोकरमाणसांसाठी बांधलेली एक पत्र्याची चाळ होती. तिच्यातली शेवटची खोली आमची. खोलीत बा, आई, मी आणि धाकटी रूथ. बा दवाखान्यात पडेल ते काम करायचा. पाणी भरायचा, वॉर्ड धुवायचा, रोग्याला उचलून एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर ठेवायचा. आई शाळेच्या बोर्डिंगचं दळण दळायची, त्यामुळे आमची पहाट जात्याने व्हायची. शेजारच्या बायका दळताना गायच्या, आई मात्र गप्प दळायची. आमच्या घरात कुणी ताल धरत नसे. रूथने ताटलीवर चमचा आपटला तरी बा तो तिच्या हातातून काढून घ्यायचा, पोराच्या हातातली पेटती काडी काढून घ्यावी तसा, न बोलता. असं का, ते मला बरीच वर्षं कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. प्रत्येक घरात काही गोष्टी चालत नाहीत, आमच्यात ही चालत नाही, एवढंच मला ठाऊक होतं.

जेवायला जवारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, नाहीतर हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं. लढाई सुरू झाल्यावर जवारी मिळेना, तेव्हा नुसतं माडगंच. रविवारी चर्चहून आल्यावर आई त्यात गुळाचा खडा टाकायची. लोक म्हणतात गरिबीतलं जेवण फार गोड लागायचं. मला काही तसं आठवत नाही. माडगं मला आवडत नव्हतं, आजही आवडत नाही. आठवतो तो संध्याकाळचा आवाज. दवाखान्याची शेवटची घंटा झाली, की वारा असेल त्या दिवशी भिंगारच्या छावणीतून बिगूल ऐकू यायचा. एकच माणूस, एकच लांब सूर, मग तो वर चढायचा आणि तिथेच थांबायचा. मी चाळीच्या टोकाला उभा राहून तो ऐकायचो आणि ओठ मिटून, गाल ताणून त्याच्यासारखा आवाज काढायचो. माणसाला नुसत्या श्वासाने एवढं लांब पोचता येतं, याचं मला फार नवल वाटायचं.

छावणीतली एक पलटण बाहेर देशी गेली, तेव्हा तिच्या बँडची जुनी वाद्यं आमच्या शाळेच्या पाद्रीसाहेबाने मागून आणली. पाद्रीसाहेब अमेरिकन, उंच, मनाने बरा माणूस. मराठी वाचून दाखवल्यासारखं बोलायचा. एका शनिवारी व्हरांड्यात पेटारे उघडले. गवतात गुंडाळलेली वाद्यं एकेक करून बाहेर निघाली, काही पोचे पडलेली, काही हिरवट झालेली. कॉर्नेट म्हणजे काय ते मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. बिगुलासारखंच, पण आखूड, अंगावर तीन कळा असलेलं, हातात मावणारं. पाद्रीसाहेब म्हणाला, ज्या मुलाला जे आवडेल ते त्याने उचलावं. हे त्याचे शब्द मी अजून जसेच्या तसे सांगू शकतो, कारण पुढे कितीतरी वर्षं मी ते स्वतःशी म्हणत होतो. मी सगळ्यांच्या आधी पुढे झालो आणि कॉर्नेट उचललं. ओठ मिटले, गाल ताणले आणि फुंकलं. सूर आला. फाटका होता, पण सूरच होता. पोरं वळून बघायला लागली. पाद्रीसाहेब हसला आणि कुणीतरी हाक मारली म्हणून ऑफिसात गेला.

तो गेल्यावर फिलिपमास्तर माझ्याकडे आले. ते आम्हाला मराठी शिकवायचे, चर्चमध्ये पेटी वाजवायचे आणि बँड त्यांच्याकडे दिलेला होता. गोरे, नीटनेटके, कोटाच्या खिशात घडी केलेला रुमाल. त्यांचा पणजा ब्राह्मण होता आणि घरदार सोडून ख्रिस्ती झाला होता. ही गोष्ट ते कुठल्याही धड्यात आणू शकायचे. त्यांनी कॉर्नेट माझ्या हातातून घेतलं. रुमाल काढला आणि मी जिथे ओठ लावले होते ती जागा पुसली. नीट, आतून-बाहेरून पुसली. मग ते सदानंदला दिलं. सदानंद कंपाउंडरचा मुलगा. त्याने फुंकलं तर नुसती हवा निघाली. मास्तरांनी त्याच्या हातातून घेऊन स्वतः सूर काढून दाखवला, आणि परत त्याला दिलं. तेव्हा मात्र रुमाल खिशातच राहिला.

मग मोठा ढोल उचलून त्यांनी त्याचा पट्टा माझ्या गळ्यात अडकवला. मी म्हणालो, मला ते हवंय, साहेबांनी उचला म्हणून सांगितलं. मास्तर चिडले नाहीत. ते कधीच चिडायचे नाहीत. फार मायेने म्हणाले, "शमुवेल, तुझ्या हातात ताल उपजत आहे, बाळ. तुम्हा लोकांना तो शिकवावा लागत नाही. देवाने दिलेलं दान असं नाकारू नये."

तुम्हा लोकांना. मागची दोन पोरं हसली. तीही आमच्यासारखीच, गावकुसाबाहेरून आलेल्यांची, पण आमच्याहून एक पायरी वर. चर्चमध्ये सगळे एका बाकावर बसायचो, एका पेल्यातून प्रभुभोजन घ्यायचो, आणि तरी कुणाची पोर कुणाच्या घरात द्यायची हे सगळ्यांना बरोबर ठाऊक असायचं. हे आता कुणी बोललं की आमच्यातली मोठी माणसं नाराज होतात, आपलीच लाज कशाला उघडी करता म्हणतात. ती लाज ज्यांची त्यांनी सांभाळावी. माझी नाही ती.

घरी गेलो आणि आईला सांगितलं. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि बा आला का ते दारात जाऊन बघितलं. मग बसली आणि मला सांगितलं. बा गावाला असताना हलगी वाजवायचा. आमचं गाव श्रीगोंद्याच्या बाजूला, काष्टीपासून तीनेक कोसांवर. तिथल्या मांगवाड्यात आमचं घर. लग्न असो, मढं असो, पोळा असो, देवीची जत्रा असो, हलगी आमच्या घरातून जायची. जावं की नाही हे विचारायची पद्धत नव्हती. माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता. तो नुकता चालायला लागला होता, तेव्हा त्याला ताप भरला. त्याच दिवशी पाटलाच्या घरची वरात होती. आईने माणूस पाठवला, पोराचं लक्षण बरं नाही, घरी या. बाने पाटलाला विचारलं. पाटील म्हणाला, वरात दारात लागू दे, मग जा. बा वाजवत राहिला. वरात वाड्याच्या दारात लागली, नवरानवरी आत गेली, आणि बा घरी आला तेव्हा पोर गेलेलं होतं. त्याने हलगी चुलीत घातली. आई म्हणाली, "कातडं जळल्याचा वास त्या चुलीतनं गेलाच न्हाई. मग आमीच गेलो." त्या मुलाचं नाव काय होतं ते मी विचारलं. आईने सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही.

बा आल्यावर मीच सांगितलं, की बँडमध्ये मला ढोल दिलाय. त्याने हातपाय धुतले, सदरा बदलला आणि तसाच फिलिपमास्तरांच्या बंगल्याकडे निघाला. मी मागोमाग गेलो. मास्तर बाहेर आले. बा पायरीखाली उभा होता. माझ्या पोराला दुसरं काही द्या, नाहीतर बँडमधून मोकळं करा, एवढंच तो म्हणाला. मास्तरांनी त्याला बसा म्हटलं नाही. त्यांनी शांतपणे समजावलं, की गर्व हे पहिलं पाप आहे, ज्याला नवा जन्म मिळाला त्याने जुन्या गोष्टी मनात ठेवू नयेत, आणि मिशनने तुम्हाला काम दिलं, राहायला खोली दिली, पोराला शाळेत घेतलं, तेव्हा एवढं तरी मिशनसाठी करायला हवं. बा ऐकत उभा राहिला. शेवटी म्हणाला, "व्हय मास्तर."  परत येताना चाळीजवळ आल्यावर म्हणाला, "वाजव. पन माज्या कानावर येऊ देऊ नकोस."

जुन्या गोष्टी मनात ठेवू नयेत असं जो माणूस माझ्या बापाला सांगत होता, त्यानेच सकाळी माझ्या गळ्यात आमची जुनी गोष्ट अडकवली होती. हे मला तेव्हाही दिसलं होतं. शब्द नव्हते, पण दिसलं होतं. लहान मुलांना कळत नाही असं समजणाऱ्यांचा मला फार राग येतो.

आता जी गोष्ट लिहायची आहे तिने माझा राग सगळ्यात जास्त भडकतो. मला ढोल आवडायला लागला. मैदानाच्या टोकाला, जिथून चाळीकडे आवाज पोचणार नाही अशा जागी, मी एकटा सराव करायचो. लिंबाखाली उभा राहून. ढोलाच्या कातड्याची मधली जागा वेगळं बोलते, कडेची वेगळं, उन्हात ते ताणतं, थंडीत ढिलं पडतं, हे मला कळायला लागलं. सगळा बँड चालत असताना पंधरा-वीस पोरांची पावलं माझ्या एका ठोक्यावर पडायची. मी जरा थांबलो तर ती हवेत थांबायची. सदानंदचं कॉर्नेट वर कुठेतरी चुकत-माकत चाललेलं असायचं, त्याने ते शेवटपर्यंत नीट वाजवलं नाही. हे मी जळफळाटाने लिहितोय, आणि खरं आहे म्हणूनही लिहितोय. पण ढोल माझा होता. आणि आवडतोय असं वाटलं की लगेच मास्तरांचं वाक्य आठवायचं, तुम्हा लोकांना तो शिकवावा लागत नाही. मी दुपारच्या दुपार उन्हात घाम गाळून शिकलो होतो. ते शिकणंही त्या एका वाक्याने माझ्याकडून काढून घेतलं होतं. वाईट वाजवलं तर मी नालायक, चांगलं वाजवलं तर ते रक्तातलं. मी काही केलं असं कुठे उरतच नव्हतं.

सुगीनंतर देवाचे आभार मानायला उपकारस्तुतीच्या सभा व्हायच्या. त्या वर्षी काष्टीच्या बाजूच्या गावांत बँड घेऊन जायचं ठरलं, आणि त्या गावांत आमचं गाव होतं. आईने बाला सांगितलं. मला वाटलं, तो परत बंगल्यावर जाईल. तो गेला नाही. निघायच्या दिवशी सकाळी त्याने आपले दवाखान्यातले कॅनव्हासचे बूट धुवून, खडू लावून, वाळवून माझ्यासमोर ठेवले. मला ते मोठे होते. त्याने पुढे कापूस भरला, स्वतः खाली बसून नाड्या बांधल्या. म्हणाला, "येशीतनं आत जाताना काढू नको."

रेल्वेने काष्टीला उतरलो. बाजाराचा दिवस होता, शेळ्या आणि भुईमुगाच्या पोत्यांतून वाट काढत पलीकडे गेलो. तिथे मिशनच्या बैलगाड्या उभ्या होत्या. आमचं गाव मी कधी पाहिलेलं नव्हतं, तरी वेशीचा दगड दिसला तेव्हा मी बुटांच्या नाड्या पुन्हा आवळल्या. वेशीबाहेर उतरून रांग धरली. मी मधोमध, दोन्ही बाजूंना तुताऱ्या-पिपाण्यांची पोरं, पुढे फिलिपमास्तर. मी ठोका दिला आणि आम्ही वेशीतून आत गेलो. मी बूट काढले नाहीत. दारादारांत माणसं उभी होती. एवढा बँड त्यांनी पाहिला नसावा, कारण पोरं ओरडत मागे धावत होती आणि म्हातारी माणसं काठ्या टेकत पुढे येत होती.

चावडीसमोर पारावर पाटील बसला होता. खूप म्हातारा, एका डोळ्यात फूल पडलेलं. सभेसाठी चावडीसमोरची मोकळी जागा हवी होती, तिची परवानगी त्याच्याकडून घ्यायची होती. फिलिपमास्तरांनी हात जोडले, बोलणं सुरू केलं. पाटील ऐकत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. मग विचारलं, "ह्यो लहान्या मांगाचा का रं?"

माझ्या बाचं गावातलं नाव लहानू होतं.  मास्तर खुलून म्हणाले, होय पाटील, तुमच्याच गावचा, बाप आमच्याकडे दवाखान्यात असतो. त्यांना आनंद झाला होता. काम सोपं झालं असं त्यांना वाटलं असणार.

"तोंडावरनंच वळाकलं," पाटील म्हणाला. "बाप लई झ्याक वाजवायचा. आमच्या थोरल्याच्या वरातीत वाजवली हुती, तशी परत कुनी वाजवली न्हाई. घ्या की जागा, कोन न्हाई म्हंतंय. पर आधी ह्याला म्हनावं एक डाव तसं वाजव. एकट्यानं. आन् पायातलं काढ म्हनावं."

आसपासची माणसं जरा पुढे सरकली. मला त्या वेळी काय वाटलं असं लोक विचारतात. मला फक्त ऐकू येत होतं. थोरल्याच्या वरातीत. आईने सांगितलेली वरात तीच. ती त्या म्हाताऱ्याच्या डोक्यात छान वाजवण्याची आठवण म्हणून राहिली होती. आत दुसरं काहीच नव्हतं. त्याच्या लेखी माझा भाऊ नव्हताच, तेव्हाही नव्हता.

मास्तर माझ्याजवळ आले. खालच्या आवाजात म्हणाले, "काढ रे बूट. दोन मिनिटांचं काम आहे. सभेसाठी आलो आहोत आपण."

मी म्हणालो, "नाही काढणार. वाजवणारही नाही."

त्यांनी माझं मनगट धरलं. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर राग बघितला, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. मी मनगट सोडवून घेतलं. पट्टा गळ्यातून काढला, ढोल पाराच्या कडेला मातीत ठेवला. टाकला नाही, नीट ठेवला, त्याचा काय दोष होता. आणि वळून वेशीकडे चालायला लागलो. पाठीमागे कुणीतरी शिवी दिली. एक दगड माझ्या शेजारून गेला. मी पळालो नाही. पळालो असतो तर मोठे बूट पायातून निघाले असते.

आमच्या बँडमधलं कुणी माझ्यामागे आलं नाही. त्यांचा मला राग नाही असं लिहायला मला आवडलं असतं. मी वेशीबाहेर पडून काष्टीच्या रस्त्याला लागलो तेव्हा मागून बँड सुरू झाला. मास्तरांनी सुरू करायला लावला असणार. ढोल नव्हता, त्यामुळे कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता, कॉर्नेट पुढे पळत होतं आणि बाकीचे मागून ओढले जात होते. मी रस्त्यात उभा राहून ते सगळं ऐकलं आणि जोरात हसलो. मग रडू आलं, पण आधी हसलो.

स्टेशनवर बसून राहिलो. संध्याकाळी ते सगळे आले.  जागा मिळाली होती, सभाही झाली होती. पाटलाने कुरकुर केली, पण मास्तरांनी हातापाया पडून मिळवली, असं गाडीत पोरांकडून कळलं.

दोन दिवसांनी पाद्रीसाहेबाने आम्हाला बोलावलं. ऑफिसात साहेब, फिलिपमास्तर, बा आणि मी. मास्तरांनी घडलेलं सांगितलं. बूट सांगितले, उद्धटपणा सांगितला. वरात सांगितली नाही, कारण ती त्यांना ठाऊक नव्हती, आणि ठाऊक करून घ्यायची गरज कधी वाटली नव्हती. साहेबाने कपाळ चोळलं. तो दमलेला दिसत होता. म्हणाला, मुलाने मास्तरांची माफी मागावी, म्हणजे हे प्रकरण संपेल. मी बाच्याकडे पाहिलं. तो बंगल्याच्या पायरीखाली जसा उभा होता तसाच इथेही उभा होता, हात पुढे बांधून. मला वाटलं, आता परत व्हय म्हणणार.

बा म्हणाला, "न्हाई साहेब. माझं पोर माफी न्हाई मागायचं. मला कामावरनं काढायचं तर काढा."

  साहेब म्हणाला, मुलाला बँडमधून काढा, बाकी काही नको. फिलिपमास्तरांना तो काय बोलला, बोलला की नाही, मला कधीच कळलं नाही. मास्तर पुढे पुष्कळ वर्षं त्या शाळेत होते. परवा शाळेच्या एका कार्यक्रमाला मला बोलावलं होतं, तिथे त्यांच्या तसबिरीला हार घातला, आणि त्यांनी मुलांना संगीताची गोडी लावली असं एका बाईंनी सांगितलं. सगळे उभे राहिले. मी बसून राहिलो. नातवाने कानात विचारलं, गुडघे दुखतात का. मी म्हणालो, नाही.

कॉर्नेट मी नंतर कधी हातात घेतलं नाही. घेता आलं असतं, पुढे मुंबईला नोकरी लागल्यावर दुकानांत टांगलेली दिसायची. दारापर्यंत जायचो आणि परत फिरायचो. तो रुमाल मध्ये यायचा. ढोलही पुन्हा गळ्यात घातला नाही.

त्या दिवशी ऑफिसातून निघून आम्ही दोघं मैदानातून घरी चाललो होतो. बा पुढे, मी मागे. लिंबापाशी आल्यावर त्याने चाल कमी केली, मी त्याच्या बरोबरीला आलो. माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "बरं वाजवीत हुतास म्हनं तू?"

मी म्हणालो, "व्हय."



"मी बी लई बरं वाजवायचो," तो म्हणाला.